पुण्याचा घास

पितृपक्षात पेठेतल्या देवळापुढे गाय उभी असते. सकाळपासून पोळ्या, भात, खीर, वडे. ती खाते, माणसं हात जोडतात. संध्याकाळी जनावरांचा डॉक्टर म्हणून मला बोलावणं येतं. कोटीपोटातल्या जिवाणूंना चाऱ्याची सवय. शिजलेला स्टार्च एकदम आला की तो झपाट्याने आंबतो, लॅक्टिक आम्ल साचतं, सामू 5.5 च्या खाली जातो. गाय रवंथ करत नाही, आंबूस पातळ शेण टाकते. मी खायचा सोडा पाजतो.

मग पुण्य कुणाच्या खाती? भाव शुद्ध होता, एवढं मला पुरत नाही. गीतेचा सतरावा अध्याय सात्त्विक दानासाठी देश, काळ, पात्र पाहायला सांगतो. घेणाऱ्याचं पोट चार कप्प्यांचं असेल, तर तेही पाहायला नको?

एक आजी चिडल्या, "पितरांना काय कडबा वाढू?"

"पितरांना पान वाढा, कडबा गाईला."

त्यांनी पोळी चतकोर केली आणि कुरकुरत का होईना, गवताची पेंढी घेतली.