गांधारी हनगल कोण?

गंगूबाई हनगल म्हटलं की तो भारदस्त, खर्जाकडे झुकलेला आवाज कानात उभा राहतो. ओळख नसलेल्याला तो पुरुषाचाच वाटतो. त्यांच्याच 1930च्या दशकातल्या सुरुवातीच्या एचएमव्हीच्या तबकड्या ऐकाव्यात, तर आवाज उंच, बारीक आणि चपळ. लेबलवर नावही वेगळं: गांधारी हनगल. त्यांतलं एखादं गाणं नुसतंच मोबाइलवर आलं तर चांगला जाणकारही म्हणेल, ही कुणी दुसरीच गायिका आहे, नाहीतर तबकडी जोरात फिरवलेली आहे. दोन्ही अंदाज चुकतात. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर गंगूबाईंचा आवाज बदलला आणि त्या बदललेल्या आवाजाशी झगडून त्यांनी आपली गायकी घडवली. हे केवळ कानांना कळत नाही. त्यासाठी लेबल लागतं, तबकडीचा क्रमांक लागतो, साल लागतं.

जोरात फिरवल्याची शंका एरवी अगदी रास्त असते. नोव्हेंबर 1902मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, त्या काळात मिनिटाला 78 फेरे हे प्रमाण अजून पक्कं झालेलं नव्हतं. 73-74 फेऱ्यांवर मुद्रित केलेली तबकडी 78वर लावली की सूर साधारण अर्ध्या स्वराने चढतो. म्हणजे काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. लय वाढते, ताना आहेत त्याहून चपळ वाटतात, आवाजातला भरीवपणा जातो. मग त्या खोट्या वेगावरच ‘जुने लोक किती द्रुत गात’ असे निष्कर्ष निघतात आणि शिष्यही त्यांच्या मागे धावतात.

म्हणूनच संग्राहकाची खरी कमाई दुर्मीळ तबकड्यांच्या उतरंडीत नसते, तबकडीभोवतीची माहिती शाबूत ठेवण्यात असते. लेबलालगतच्या गुळगुळीत पट्ट्यात बारीक अंक उमटलेले असतात. बॅटरीचा उजेड तिरपा धरला, तबकडी थोडी फिरवली, की ते वाचता येतात. एकाच बैठकीत मुद्रित झालेल्या तबकड्या या अंकांवरून जुळवता येतात. सुरुवातीच्या तबकड्यांत कलावंत शेवटी स्वतःचं नाव पुकारतात, तेही ओळखीसाठीच. त्या तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोव्हरला, तिथल्या कामगारांना कोण गातंय हे कळावं कसं? आज ऑडिओ ‘स्वच्छ’ करताना खरखरीबरोबर ही घोषणाही कापून टाकतात. हा सरळसरळ पुरावा नष्ट करण्याचा प्रकार आहे.

मुंबईत 1990मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था उभी राहिली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून याद्या, क्रमांक, लेबलं यांची नोंद सातत्याने छापली. संगीताच्या इतिहासात या कामाला अजून त्याच्या योग्यतेची जागा मिळालेली नाही. उलट, तबकड्या कपाटात कुलूपबंद करून ‘माझ्याकडेच आहे’ एवढ्यावर समाधान मानणारेही आहेत. कुणाला ऐकू न देता जपलेलं गाणं आणि फुटलेली तबकडी यांत ऐकणाऱ्याच्या दृष्टीने काही फरक उरत नाही.

नोंदी ठेवण्याचं हे काम महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या आळंदसारख्या गावात फार निकडीचं ठरतं. एका अंगाला अक्कलकोट-सोलापूर, दुसऱ्या अंगाला कलबुर्गी. बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी एकाच वेळी कानावर पडतात. 1956पर्यंत हा मुलूख हैदराबादकडे होता. अशा भागातल्या एखाद्या जुन्या वाड्यात फोनो आणि तबकड्यांची पेटी निघाली, तर तिच्यात मराठी नाट्यपदं, कन्नड भजनं आणि उर्दू गझला शेजारी शेजारी असू शकतात. भंगारवाला किंवा हौशी गिऱ्हाईक आपल्याला हव्या तेवढ्या काढून नेतो. भाषेनुसार पेटी फुटते आणि एका घराने काय काय ऐकलं, याचा दाखला कायमचा जातो. पेटी हलवण्याआधी तबकड्या ज्या क्रमाने सापडल्या त्या क्रमाने लेबलांचे फोटो काढणं, एवढं तरी कुणालाही जमण्यासारखं आहे. लाखेची तबकडी हातातून पडली की संपली; फोटो राहतो.

भाषेच्या खणांमुळे कलावंतही दुभंगतात. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळचे, त्यांचं शिक्षण मिरजेला नीलकंठबुवा अलूरमठांकडे आणि पुढे मंजी खाँ व बुर्जी खाँ या अल्लादिया खाँ यांच्या मुलांकडे. त्यांच्या 1930च्या दशकातल्या तबकड्या आणि उतारवयातल्या लाँगप्ले शेजारी ठेवून ऐकल्या तर अलूरमठांकडची गायकी खाँसाहेबांच्या गायकीत कशी मुरली ते उलगडतं; त्या वेगवेगळ्या याद्यांत विखुरल्या तर ते हातून निसटतं. गांधारी हनगल यांच्या मराठी भावगीतांच्या तबकड्या मराठीच्या यादीत आणि गंगूबाईंचे ख्याल हिंदुस्तानीच्या यादीत राहिले, तर ती एकच बाई आहे हे यादी पाहून कुणालाही कळणार नाही. याद्यांत दोन्ही नावं एकमेकांशी जोडलेली हवीत, मराठीत आणि कन्नडमध्येही.