मागणारा दाता

देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, अशी परोपकाराची मूर्ती आपल्या मनात लहानपणापासून बसलेली असते. देणाऱ्याला त्यातून स्वतःसाठी काही हवे आहे असे कळले, की त्या उपकाराचा कस उतरला असे आपण मानतो. मीही तसेच मानीत असे.

माझा धाकटा भाऊ दारूच्या आहारी गेला, तेव्हा आमच्या घरी देणाऱ्यांची वानवा नव्हती. आईने शपथा घातल्या, वडिलांनी कर्ज फेडले, मी उपदेश केला. मामांनी तर एका भाऊबीजेला, भरल्या ताटावर, समर्थांपासून गांधीजींपर्यंत सारे त्याला ऐकवले. तो मान खाली घालून ऐके आणि संध्याकाळी पुन्हा पिऊन येई. आमचे प्रेम कमी पडले असे मला आजही वाटत नाही. परंतु आमचे प्रत्येक वाक्य 'तू'पासून सुरू होत होते, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

डॉक्टरांनी त्याला आधी काही दिवस रुग्णालयात ठेवले. दारू एकदम तोडली तर जिवावर बेतू शकते, ते काम सभांनी होत नाही. पण घरी पाठवताना त्यांनी एक निरोप धाडला, आणि दुसऱ्या दिवशी एक अनोळखी गृहस्थ दारात उभे राहिले. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'चे, म्हणजे आपले नाव न मिरवणाऱ्या मद्यपींच्या मंडळींतले. ते भावाविषयी एक अक्षर बोलले नाहीत. तांदळाच्या डब्यात बाटली कशी लपवीत असत, मुलीच्या लग्नात मांडवामागे कसे पडले होते, हे सांगत बसले. भाऊ चक्क हसला. कितीतरी महिन्यांनी! निघताना गृहस्थ म्हणाले, "बरे झाले बसू दिलेत. माझी आजची संध्याकाळ निभावली."

मला ती शिष्टाचाराची भाषा वाटली. ती शब्दशः खरी होती, हे पुढे या मंडळींची कूळकथा वाचली तेव्हा उमगले.

1935 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरणारा बिल विल्सन कामासाठी ओहायोतील ॲक्रन या गावी गेला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. काम फसले. शनिवारची संध्याकाळ, परका गाव, आणि हॉटेलच्या दिवाणखान्यापलीकडे मद्यगृहातला हसण्याचा आवाज. न्यूयॉर्कला त्याने अनेक दारुड्यांना उपदेश केला होता. एकही सुधारला नव्हता. मात्र त्या खटपटीत तू स्वतः कोरडा राहिलास, हे त्याच्या पत्नीने, लोईसने, त्याच्या नजरेस आणून दिले होते. तेच आठवून तो दूरध्वनीकडे वळला आणि एकेका धर्मोपदेशकाला विचारू लागला: तुमच्या गावात कोणी दारुडा आहे का?

अखेर हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंनी दुसऱ्या दिवशी डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी त्याची गाठ घालून दिली. डॉक्टर उपदेशाला विटलेले; पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही, असे बजावूनच आले. उठले ते रात्री अकरा वाजून गेल्यावर. समोरचा मनुष्य त्यांना तारायला आला नव्हता. स्वतः बुडू नये म्हणून आधार शोधत आला होता. डॉक्टर पुढे एकदा घसरले. त्यांनी शेवटचा प्याला घेतला तो 10 जून 1935 हा दिवस या मंडळींचा आरंभदिन मानतात.

आता याला परोपकार म्हणावे की स्वार्थ? मी बरेच दिवस घोळवले. बिल केवळ कणवेने गेला असता, तर डॉक्टर पंधराव्या मिनिटाला उठले असते असे मला वाटते. कणवेला उंची असते, आणि खाली बसलेल्याला ती टोचते. गरज मात्र शेजारी येऊन बसते. माझ्या उपदेशातही मला काही हवे होतेच: घरची अब्रू, रात्रीची झोप, आणि खरे सांगायचे तर शहाणपणाचा मान. पण ते मी कधी कबूल केले नाही. बिलचा स्वार्थ माझ्याहून मोठा होता. फरक इतकाच, की त्याने तो आधी सांगून टाकला.

सभा जवळच्याच शाळेत भरे. पहिल्या दिवशी भाऊ फाटकापर्यंत जाऊन परतला. दुसऱ्या खेपेस, घरच्यांनाही मुभा असलेल्या सभेला, मी बरोबर गेलो. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसे, कपबशांतला चहा. फी नाही, ज्याला जमेल त्याने नाणे टाकावे. पिणे सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. एकाचे बोलणे दुसरा तोडत नाही, आणि शपथ जन्माची नाही, आजच्या दिवसाची. चारचौघांत घरची लक्तरे कशाला धुवायची, हा आईचा आक्षेप. पण तिथले चारचौघे आपापली लक्तरे घेऊनच आलेले होते. सर्वांनाच हा उपाय लागू पडतो असे नाही. त्या बाकांवरचे काही चेहरे पुढे दिसेनासे झाले.

गेल्या नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपून आम्ही फराळाला बसलो, तोच भावाला फोन आला. कुणीतरी रात्रभर पिऊन आता रडत होता. भाऊ अर्ध्या ताटावरून उठला.

"सणाचा दिवस रे, उद्या जा," आई म्हणाली.

"उद्याचे मला तरी काय ठाऊक?" तो चपला घालीत म्हणाला.

आई क्षणभर गप्प राहिली. मग डबा काढून तिने त्यात चकल्या भरायला घेतल्या आणि विचारले, "त्यांच्या घरी माणसे किती आहेत?"