पंचावन्नच्या पुढचे कान

अमेरिकेतल्या खासगी रेडिओच्या हिशेबात माणूस ५५ वर्षांचा झाला की तो विकण्याजोगा राहत नाही. जाहिरातदार पैसे मोजतात ते २५ ते ५४ या वयोगटातल्या श्रोत्यांसाठी. त्यापुढचे लोक रेडिओ भरपूर ऐकतात, पाहणीत त्यांची नोंदही होते. पण जाहिरातीचे दर ठरवताना त्यांचा आकडा बाजूला काढून ठेवतात. या समजुतीचं मूळ टेलिव्हिजनमध्ये आहे. तीन वाहिन्यांमध्ये तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या एबीसीला एकूण प्रेक्षकसंख्येत सीबीएस आणि एनबीसीला गाठता येईना, तेव्हा तिने जाहिरातदारांच्या गळी उतरवलं की डोकी किती ते बघू नका, तरुण डोकी किती ते बघा. म्हाताऱ्यांच्या सवयी पक्क्या झालेल्या असतात, ते साबणाचा ब्रँड बदलत नाहीत, असा तो युक्तिवाद. आज त्या देशाच्या संपत्तीचा मोठा हिस्सा याच म्हाताऱ्यांच्या हाती आहे. ते साबण काय, गाड्या, घरं आणि प्रसंगी जोडीदारही बदलतात. युक्तिवाद मात्र जागचा हललेला नाही.

गंमत अशी की, याच धंद्यात एक प्रकार असा आहे जो मुळात या वयाच्या माणसांनाच अधिक भावतो. त्याचं नाव सॉफ्ट ॲडल्ट कंटेम्पररी, धंद्यातल्या बोलीत सॉफ्ट एसी. कार्पेंटर्स, बॅरी मॅनिलो, एअर सप्लाय, ॲन मरे, लायनेल रिची ही त्यातली ठरलेली मंडळी. लय संथ किंवा मध्यम, गाणाऱ्याचा आवाज पुढे आणि वाद्यं मागे. निवेदक मोजकं बोलतो, पण बोलताना त्याला कुठे जायची घाई नसते. लॉस एंजेलिसचं केओएसटी हे केंद्र १९८२मध्ये या वाटेला लागलं, न्यू यॉर्कचं 'लाइट एफएम' जानेवारी १९८४मध्ये. रॉकच्या समीक्षकांनी या संगीताला लिफ्टमधलं आणि दाताच्या डॉक्टरकडचं संगीत म्हणून यथेच्छ हिणवलं. ऐकणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

या आवडीचं नेहमीचं स्पष्टीकरण म्हणजे स्मरणरंजन. त्याला संशोधनाचा आधारही आहे. मॉरिस होलब्रूक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली गाणी ऐकवली, तेव्हा साधारण साडेतेविसाव्या वर्षी कानावर पडलेली गाणी माणसाला सर्वांत प्रिय असतात असं त्यांना आढळलं. पंचविशीच्या आतबाहेर जे ऐकलं ते जन्माला पुरतं, हे आपल्यालाही अनुभवाने माहीत आहे.

तरी हिशेब पुरता जुळत नाही. १९६९मध्ये वुडस्टॉकच्या चिखलात उभा राहून जिमी हेंड्रिक्सची गिटार ऐकणारा तरुण आज पंच्याहत्तरी ओलांडून गेला आहे. स्मरणरंजन एवढंच कारण असतं, तर त्याने आजही हेंड्रिक्सच लावायला हवा. त्याच्यासारखे कित्येक जण सकाळी चहाबरोबर कार्पेंटर्स ऐकतात, आणि तरुणपणी त्यांनीच कार्पेंटर्सला नाकं मुरडली होती. आपल्याकडचं उदाहरण तर याहून ठसठशीत आहे. १९५५च्या आसपास जन्मलेला माणूस विशीत आला तेव्हा 'शोले' लागला होता आणि हवा किशोरकुमार-पंचमची होती. आज सत्तरीत तो विविध भारतीवर 'भूले बिसरे गीत' लावतो आणि तलत मेहमूद लागला की आवाज वाढवतो. तलतचा बहराचा काळ पन्नासच्या दशकातला, म्हणजे या श्रोत्याच्या पाळण्यातला. रेडिओ सिलोनवर सकाळच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाची अखेर सैगलच्या गाण्याने होत असे. सैगल १९४७मध्ये गेले. त्यानंतर जन्मलेल्या हजारोंनी ते शेवटचं गाणं वर्षानुवर्षं घड्याळासारखं ऐकलं. ही कोणाच्या तारुण्याची आठवण?

थोडी आईवडिलांच्या तारुण्याची. कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरोल क्रमहान्सल यांनी २०१३मध्ये सहकाऱ्यासह केलेल्या अभ्यासात, विशीतल्या मुलांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांखालोखाल त्यांचे आईवडील तरुण होते त्या काळातली गाणी जवळची वाटतात असं दिसलं. घरात जे वाजत असतं ते मुरतं. पण वडिलांच्या वेळी घरात काय फक्त संथ गाणी वाजत होती? भगवानदादांची नाचरी गाणीही तेव्हाचीच. उतारवयातला माणूस एवढ्या मोठ्या साठ्यातून नेमकं मऊ तेवढं का वेचतो, हे आठवणीच्या सिद्धांताला सांगता येत नाही.

माझ्या मते याचं निम्मं उत्तर कानात आहे, अगदी शब्दशः. वय वाढतं तशा अंतर्कर्णातल्या नाजूक केसपेशी कमी होत जातात, आणि आधी जातात त्या उंच स्वर टिपणाऱ्या. 'स', 'श', 'फ', 'थ' ही व्यंजनं निसटू लागतात. कोणीतरी बोललं हे कळतं, काय बोललं ते कळत नाही. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, हळू आवाज ऐकू येईनासा झाला तरी मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच, कधी पूर्वीपेक्षाही जास्त बोचतो. ऐकू न येणं आणि सहन न होणं यांच्यामधली पट्टी अरुंद होत जाते. 'जरा मोठ्याने बोल' म्हणणारे आजोबा पुढच्याच वाक्याला 'ओरडतोस कशाला?' म्हणतात, तेव्हा घरातले त्यांना हेकट ठरवतात. ते खरंच सांगत असतात.

अशा कानाला आजचं ध्वनिमुद्रण त्रासाचं होतं. गेल्या तीसेक वर्षांत गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजावं म्हणून त्यातले चढउतार दाबून सगळंच एका उंचीवर आणायची रीत पडली. ताल, बास, कोरस आणि मुख्य गळा सगळे एकदम दारात उभे. याउलट पन्नासच्या दशकात गायक माइकजवळ आणि वादक मागे, मधल्या पट्टीतला गळा, दोन ओळींमध्ये एखादं व्हायोलिन किंवा बासरी, आणि मग शब्दाला वाट मोकळी. सॉफ्ट एसीतल्या गाण्यांची बांधणीही साधारण अशीच. हे कोणी म्हाताऱ्यांच्या कानाचा विचार करून केलेलं नाही. जमून आलं, इतकंच. पण तलतच्या आवाजातला तो प्रसिद्ध कंप सत्तरीतही स्पष्ट ऐकू येतो आणि नातवाच्या फोनवरचं गाणं नुसता गोंगाट वाटतो, यात अभिरुची किती आणि शरीर किती, हे तपासल्याशिवाय 'तुमच्या काळात काय गाणी होती' या वादात कोणीच पडू नये.

उरलेलं निम्मं उत्तर निवेदकाकडे आहे. डेलायला या एकाच नावाने ओळखली जाणारी निवेदिका १९९६पासून अमेरिकेतल्या अनेक सॉफ्ट एसी केंद्रांवर संध्याकाळी आणि रात्री असते. लोक फोन करतात, मुलगा सैन्यात गेल्याचं किंवा नवरा वारल्याचं सांगतात, आणि ती त्यांच्यासाठी एक गाणं निवडते. गाणं श्रोत्याने मागायचं नाही, गोष्ट सांगायची. आपल्याकडच्या फर्माइशीत नेमकं उलट होतं: गाणं ठरलेलं आणि गोष्ट गुलदस्त्यात, राहायचं फक्त नाव. त्या नावांच्या याद्यांनी झुमरी तलैया हे गाव देशभर गाजवलं. पण काम दोन्हीकडे एकच. कोणीतरी जिवंत माणूस आत्ता, या घटकेला, बोलतो आहे, त्याला उत्तर द्यायची सक्ती नाही, आणि तेच बोलणं आणखी कुणीतरी कुठेतरी ऐकतो आहे. एकट्याने राहणाऱ्या माणसाला याची किंमत कळते. गाण्यांचं ॲप हे देऊ शकत नाही. ॲप विचारतं, काय ऐकणार? हा प्रश्न विशीत मोकळीक वाटतो; सत्तरीत ते आणखी एक काम होतं.

सारेगामाने २०१७मध्ये 'कारवाँ' आणला तेव्हा हे ताडलं होतं. ५००० गाणी आधीच भरलेली, जुन्या ट्रान्झिस्टरसारखा डबा, हाताला लागणारी बटणं. मुलांनी आईवडिलांना भेट द्यायची वस्तू म्हणून तो तुफान खपला. त्याने निवडीचा त्रास वाचवला, हे खरंच. पण कारवाँ साडेसात वाजल्याचं सांगत नाही.

आता या प्रकारावरचे आक्षेप. ते खोटे नाहीत. सॉफ्ट एसी केंद्राची गाणी काही शेच असतात. लोकांना सभागृहात बसवून प्रत्येक गाण्याचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवतात आणि ज्याला नाक मुरडलं जाईल ते बाद करतात. आवडतं ते वाजवण्यापेक्षा खटकतं ते न वाजवण्यावर सगळी मदार. त्यातून जो गुळगुळीतपणा येतो त्याचा कंटाळा मलाही आहे. शिवाय कृष्णवर्णीय गायकांची प्रेमगीतं घ्यायची आणि त्यांचं बाकीचं संगीत दाराबाहेर ठेवायचं, हीही या केंद्रांची जुनी खोड. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या केंद्रावर मेल्विन लिंडसी या तरुणाने १९७६मध्ये 'क्वाएट स्टॉर्म' हा रात्रीचा कार्यक्रम सुरू केला. तो तितकाच हळुवार होता आणि कितीतरी अधिक जिवंत. मऊ म्हणजे मुळमुळीत असायलाच हवं असं नाही, याचा तो पुरावा.

पण या प्रकाराचं खरं दुखणं वेगळं आहे. त्याला त्याचेच श्रोते नको असतात. सत्तरच्या दशकात अमेरिकी एफएमवर 'ब्युटिफुल म्युझिक' नावाचा प्रकार जोरात होता: मँटोवानी, पर्सी फेथ, व्हायोलिनांचे ताफे, जवळजवळ न बोलणारा निवेदक. कित्येक शहरांत ती केंद्रं अग्रभागी होती. श्रोते म्हातारे झाले, जाहिरातदार निघून गेले, आणि ऐंशीच्या दशकात एकेका केंद्राने व्हायोलिनं गुंडाळून सॉफ्ट एसीचा फलक लावला. केओएसटी त्यातलंच. पुढे सॉफ्ट एसीचे श्रोते म्हातारे झाले, तेव्हा केंद्रांनी सत्तरच्या दशकातली गाणी काढून नव्वदच्या दशकातली भरली आणि लय वाढवली. श्रोता आहे तिथेच असतो, केंद्र त्याच्यापासून दूर सरकत राहतं.

त्यात यंत्रानेही हातभार लावला. २००७पासून अमेरिकेत श्रोते मोजायला लोकांच्या कमरेला छोटं यंत्र लावायची पद्धत आली. केंद्राच्या आवाजात कानाला न जाणवणारा सांकेतिक स्वर मिसळलेला असतो, तो हे यंत्र टिपतं. हा संकेत लपतो गाण्याच्या आवाजाआड. म्हणजे लपायला पुरेसा आवाज हवा. शांत, विरळ संगीतात त्याला आडोसा मिळत नाही, मग संकेतही क्षीण होतो. २०१४-१५च्या सुमारास तो संकेत ठळक करणारं 'व्होल्टेअर' नावाचं उपकरण बाजारात आलं आणि केंद्रचालकांनी ते धडाधड विकत घेतलं, तेव्हा आपले श्रोते मोजताना गळत होते की काय, ही शंका त्यांना किती छळत होती ते कळलं. मधल्या काळात न्यू यॉर्कचं स्मूथ जॅझ केंद्र २००८मध्ये आणि शिकागोचं २००९मध्ये बंद झालं होतं. त्याला या मोजणीचाही हात लागला असं रेडिओतल्या अनेकांचं मत आहे. हळू बोलणाऱ्याचं मत नोंदलंच जात नाही, असा मतदानयंत्राचा दोष असता तर केवढा गदारोळ झाला असता!

तरी मागणी मरत नाही. फेब्रुवारी २०१५मध्ये शिकागोत ८७.७वर 'मीटीव्ही एफएम' सुरू झालं आणि साठ ते ऐंशीच्या दशकांतली, इतर केंद्रांनी टाकून दिलेली गाणी लावू लागलं. त्याची जागाही मजेशीर. ते कायद्याने रेडिओ केंद्र नव्हतंच. सहाव्या क्रमांकाच्या ॲनालॉग टेलिव्हिजन वाहिनीचा ध्वनी एफएमच्या पट्ट्याच्या अगदी डाव्या कडेला ऐकू येतो, त्या फटीतून ते चालत होतं. २०२१मध्ये अशा ॲनालॉग वाहिन्या संपल्या तेव्हा ते खास परवानगीवर तगलं आणि २०२३मध्ये सरकारी आयोगाने अशा केंद्रांना कायम केलं. ब्रिटनमध्ये २०२१च्या फेब्रुवारीत दोन मुरलेल्या रेडिओवाल्यांनी 'बूम रेडिओ' खास साठीपारच्यांसाठी काढला. बीबीसीने २०२४मध्ये पन्नास ते सत्तरच्या दशकांतल्या गाण्यांची वेगळी वाहिनी काढायचा बेत जाहीर केला, तेव्हा बूमने कडाडून हरकत घेतली. ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्या श्रोत्यांवरून भांडण लागलं, ही प्रगतीच.

आपल्याकडे ही वेळ आली नाही, याचं श्रेय योगायोगाला द्यावं लागेल. बा. वि. केसकर या मराठी मंत्र्याने आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार केलं, श्रोते सिलोनला गेले, आणि त्यांना परत आणायला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती निघाली. १९६७च्या नोव्हेंबरात मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या, पण वाहिनीचं पोट त्यांच्यावर अवलंबून नव्हतं. त्यामुळे श्रोता ५५चा झाला म्हणून 'छायागीत'ने कधी लय वाढवली नाही. रात्री दहाला निवेदक आपल्या आवडीने एखादा विषय धरून गाणी लावतो, आणि ऐकणारी बाई ४०ची आहे की ८०ची, याने त्याच्या पगारात फरक पडत नाही. खासगी एफएमनेही जुन्या गाण्यांची चव घेतली, अन्नू कपूरचे किस्से लोकांनी आवडीने ऐकले. पण तिथला दरपत्रकाचा हिशेब अमेरिकेहून वेगळा नाही.

प्रसार भारतीने स्वतःचा खर्च स्वतः काढावा, ही मागणी अधूनमधून होते. संसदेत होते, अग्रलेखांत होते, आणि ऐकायला रास्त वाटते. ती मान्य झाली तर कात्री आधी कुठे लागेल ते सांगायला ज्योतिषी नको. पहिल्या तिमाहीचे आकडे येतील, कोणीतरी तरुण अधिकारी वयोगटांचा तक्ता पडद्यावर दाखवेल, आणि 'भूले बिसरे गीत'च्या वेळेत थोडा उत्साह आणायला हवा असं सुचवेल.