शिधा आणि कंट्रोलचे धान्य

अन्नदानास आपल्या धर्माने श्रेष्ठ मानिले आहे. मात्र देणाऱ्याच्या पुण्याविषयी जितके लिहिले गेले, त्याच्या शतांशही घेणाऱ्याच्या मनाविषयी लिहिले गेले नाही. आम्ही घेणाऱ्यांच्या घरात वाढलो, म्हणून हे धाडस करीत आहोत.

पुजाऱ्याच्या घरी शिधा येतो. तो स्वीकारताना आम्हांस कधी लाज वाटली नाही. परंतु 2020 च्या टाळेबंदीत देवळाची दारे मिटली, शिधा थांबला, आणि जी पात्रता पर्ची पेटीत नुसती पडून असे ती काढून तीर्थरूपांना कंट्रोलच्या दुकानी जावे लागले. त्यांनी पिशवी उपरण्याखाली झाकून नेली. रांगेत आमच्यापुढे निंदणास जाणारी एक बाई उभी होती; तिने आपली पिशवी झाकली नव्हती.

हा संकोच मनुष्याच्या स्वभावाचा, की तो ज्या प्रदेशात राहतो तेथील वहिवाटीचा? आमचे मोहगाव, शेजारचे वरूड आणि दूरचे छत्तीसगड या तिघांची राजधानी 1956 पर्यंत नागपूरच होती. आज ती तीन राज्यांत विभागली आहेत. 2013 चा अन्नसुरक्षा कायदा तिघांस एकच : पात्र कुटुंबास दरमहा माणशी 5 किलो, अंत्योदय कुटुंबास 35 किलो, आणि 2023 पासून तेही विनामूल्य. तथापि कायदा एक असला तरी धान्य घरी पोहोचण्याची वाट एक नाही.

छत्तीसगडने 2004 साली ही दुकाने खासगी व्यापाऱ्यांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था व महिला बचत गट यांच्या हाती दिली. ज्याँ द्रेझ व रीतिका खेरा या अर्थशास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणे तेथे 2004-05 मध्ये सुमारे निम्मे धान्य वाटेतच गळत होते. 2009-10 मध्ये ती गळती दहा टक्क्यांच्या आसपास आली. पाच वर्षांत तेथील माणसांचा स्वाभिमान काही बदलला नसेल! दुकान ठरल्या दिवशी उघडू लागले, माप पुरे भरू लागले, आणि लोक येऊ लागले. जेथे तीन खेपा घालून रिकामी पिशवी परत आणावी लागते, तेथे चौथ्या खेपेस न जाणाऱ्याला आपण ‘गरज नसेल’ म्हणून मोकळे होतो. हा न्याय आम्हांस मान्य नाही.

वरुडाकडे पाहावे. संत्र्याच्या बागा त्याच, भाषा तीच. तेथील केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांस, अमरावती हा आत्महत्याग्रस्त जिल्हा म्हणून, 2015 पासून स्वस्त धान्य मिळू लागले. 2023 मध्ये त्याऐवजी रोख रक्कम आली. आमच्याकडे हिशेब कार्डाच्या रंगाचा नव्हे, पात्रता पर्चीचा. भूक मात्र सीमेवरचा दगड वाचीत नाही.

कोणी म्हणेल, शिधा श्रद्धेने येतो, कंट्रोलचे धान्य दयेने. आम्हीही तसेच समजत होतो. पण कायद्याने जे हक्काचे ठरले त्यास दया कसे म्हणावे? उलट शिधाच दात्याच्या इच्छेवर अवलंबून असतो, हे आम्ही त्या उन्हाळ्यात अनुभविले.

गेल्या पौर्णिमेस एका वृद्ध बाईने शिध्याचे ताट आणिले. तांदूळ कंट्रोलचा आहे, चालेल ना, असे तिने हळूच विचारले. तीर्थरूपांनी काही न बोलता तो आमच्या घरच्या डब्यात ओतला. त्या डब्यात तोच तांदूळ होता.