भाऊसाहेबांना सलणारी स्वस्ताई

ऑगस्ट १९४९. घटना समितीत नागरिकत्वाच्या कलमांवर वाद रंगला होता. अमरावतीचे पंजाबराव देशमुख उठले आणि त्यांनी तक्रार मांडली, की हा मसुदा भारताचं नागरिकत्व जगात सगळ्यांत स्वस्त करून ठेवतो आहे. त्यांनी दुरुस्तीही सुचवली: दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेला हिंदू किंवा शीख, तो कुठेही राहत असो, भारतीय नागरिकत्वाचा हक्कदार असावा. दुरुस्ती नामंजूर झाली. अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून झगडणारे भाऊसाहेब ते हेच. म्हणून त्यांना कोत्या मनाचे म्हणून निकालात काढता येत नाही.

गंमत अशी, की त्यांचा स्वतःचा मुलूख कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हताच. वऱ्हाड प्रांत निजामाने १८५३ साली इंग्रजांच्या हवाली केला आणि १९०२ साली कायमच्या पट्ट्याने दिला, पण नावापुरती मालकी त्याचीच राहिली. माँटफर्ड सुधारणांनंतर अकोल्या-अमरावतीचा मतदार मत देई. निवडून आलेल्याला मात्र नागपूरच्या कौन्सिलात सरकार ‘नेमत’ असे, कारण मुलूख परका! पुढे निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवीही मिळाली. आणि मग २६ नोव्हेंबर १९४९ला, बाकीची घटना अमलात यायच्या दोन महिने आधी, नागरिकत्वाची कलमं लागू झाली. आमचे आजे-पणजे त्या दिवशी नागरिक झाले. ना अर्ज, ना शपथ. इथे जन्मले आणि इथेच राहिले, एवढ्यावर भागलं. भाऊसाहेबांना सलणारी स्वस्ताई पहिल्यांदा आम्हा वऱ्हाड्यांच्याच पदरात पडली.

अमरावतीच्या रामपुरी कॅम्पात आणि अकोल्याच्या सिंधी कॅम्पात, म्हणजे फाळणीनंतरच्या सिंधी निर्वासितांच्या वस्त्यांत, भाव निराळा. १९ जुलै १९४८च्या आधी आलेल्यांना घटनेनेच सामावून घेतलं. पण सिंध सोडणं काही त्या तारखेला थांबलं नाही. नंतरच्या दशकांत जे आले ते पाकिस्तानी पासपोर्ट आणि लाँग टर्म व्हिसा घेऊन. मुदतवाढीसाठी सरकारी कचेरीच्या पायऱ्या त्यांना वर्षानुवर्षं चढाव्या लागल्या. कायद्यापुढे समानता आणि जीविताचं संरक्षण परक्यालाही आहे. मत, सरकारी नोकरी, देशभर कुठेही राहण्याचं स्वातंत्र्य फक्त नागरिकाला. जुलै १९८७पासून आईबाप दोघेही पाकिस्तानी असतील, तर अमरावतीच्या डफरीन दवाखान्यात जन्मलेलं मूलही जन्माने भारतीय नाही.

परक्याने नागरिक व्हायचं तर अर्जाआधीचं सलग एक वर्ष आणि त्यामागच्या चौदांपैकी अकरा वर्षं इथे काढायची. आठव्या परिशिष्टातली एक भाषा यायला हवी. सिंधी १९६७पासून त्यात आहे, तेवढी सोय झाली. डिसेंबर २०१६मध्ये पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार काही जिल्हाधिकाऱ्यांना मिळाले. महाराष्ट्रात नागपूर, मुंबई, पुणे, ठाणे. अमरावती-अकोला नाही! २०१९च्या दुरुस्तीने अकरांची पाच वर्षं केली, पण त्याच तीन देशांतून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांपुरतीच. नियम निघायला मार्च २०२४ उजाडला. भाऊसाहेबांची फेटाळलेली दुरुस्ती सत्तर वर्षांनी अर्धीमुर्धी परतली म्हणायची. शेजाऱ्याला कागद मिळाला याचा आनंद आहे, पण धर्माचं माप मला पटत नाही. छळ सोसून आलेला पाकिस्तानी अहमदिया त्यात बसत नाही, आणि श्रीलंकेतून आलेला तमिळ हिंदूसुद्धा नाही.

एकदा शपथ झाली, की आपली घटना दिलदार आहे. अमेरिकेत जन्माने नागरिक नसलेल्याला राष्ट्राध्यक्ष होता येत नाही. आपल्याकडे राष्ट्रपतिपदाची वाट अशा माणसाला बंद नाही. एक फट मात्र उरते. मुदत भरून, अर्ज करून नागरिक झालेल्याला पुढच्या पाच वर्षांत दोन वर्षांची कैद झाली, तर सरकार त्याचं नागरिकत्व काढून घेऊ शकतं. पिढीजात वऱ्हाड्याला जन्मठेप झाली, तरी त्याचं नागरिकत्व शाबूत.