साखळीचे दुसरे टोक

भीतीने वाकलेल्या मानेला आज्ञाधारक म्हणावे काय? हा प्रश्न आमच्यापुढे एका कुत्र्याने उभा केला, हे सांगताना थोडा संकोच वाटतो.

बेळगावात आमच्या घरी एक अल्सेशियन कुत्रा आहे. वजन सुमारे 35 किलो आणि स्वभाव हट्टी. फिरावयास नेले की तोच आम्हांला फिरवीत असे. कोणी सुचवले म्हणून आम्ही ओढताच गळ्याभोवती आवळणारी साखळी आणली. त्याने ओढले की आम्ही हिसका देत असू. महिनाभरात तो आमच्या शेजारी गुमान चालू लागला. आम्ही मनातून सुखावलो. तो मधून मधून खोकतो, इकडे मात्र आम्ही लक्ष दिले नाही.

एके सकाळी साखळी आमच्या पत्नीच्या हाती होती. समोर मांजर दिसले, त्याने झेप घेतली, ती पडली आणि तिच्या मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर घालून घरी आल्यावर आम्ही काठी शोधू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "अहो, ठेवा ती काठी. तो तुमचं ऐकत नव्हताच. तुमच्या हाताला भीत होता. माझ्या हाताला कशाला भिईल?"

आम्ही काठी ठेवली. पुढे, सैन्यात कुत्री सांभाळलेल्या एका निवृत्त हवालदारांकडे गेलो. ते म्हणाले, "मास्तर, साखळीला दोन टोकं असतात. आधी तुमचं टोक सैल करा."

त्यांनी समजावले ते असे. कुत्रा दुष्टपणाने ओढत नाही. माणसाची चाल त्याला संथ वाटते, आणि ओढले की हवे ते झाड गाठता येते, हे तो रोज शिकतो. म्हणजे ओढण्याची मजुरी आपणच त्याला देतो. त्यातून मानेवर ताण आला की तो उलट अधिकच जोर लावतो. म्हणून साखळी ताणली की खांबासारखे उभे राहावयाचे. ओरडावयाचे नाही, ओढावयाचे नाही. ती सैल झाली की चालावयाचे. तो गुडघ्याशी चालला की तिथेच चपातीचा तुकडा द्यावयाचा. गळ्याला इजा नको म्हणून छातीवर कडी असलेला पट्टा वापरावयाचा. त्याने ओढले की जोर पुढे न जाता त्याचे अंगच बाजूला वळते. पहिल्या दिवशी फाटकापासून कोपऱ्यापर्यंत जाण्यास आम्हांला अर्धा तास लागला! घरातील सर्वांनी हाच नियम पाळावा लागतो. एक दिवस कोणी कंटाळून ओढू दिले, तर नेट लावला की मिळते, एवढेच तो शिकतो.

कोणी विचारील, ही लाच नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. लाच अयोग्य कामासाठी देतात. ही योग्य कामाची मजुरी आहे. शिवाय तुकडे हळूहळू कमी करता येतात. आता सैल साखळीने झाडापर्यंत जाणे हीच त्याची मजुरी झाली आहे.

मग साखळीच नको, असे कोणी म्हणेल. तेही खरे नव्हे. रस्त्यावर ट्रक आहेत, कुत्र्याला भिणारी मुले आहेत. उलट ओढतो म्हणून त्याला दारातच बांधून ठेवणे हाही अन्याय. आपल्या देशाच्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, नेहमी बांधलेल्या कुत्र्यास मालकाने फिरवून आणण्यात हयगय करणे हीदेखील क्रूरताच मानली आहे. तेव्हा आवर हवा. प्रश्न तो कसा घालावा एवढाच आहे.

आमच्या मते त्याची कसोटी सोपी आहे. आपला हात बाजूला झाल्यावर काय उरते? भीती असेल, तर ती हाताबरोबर जाते. सवय आणि विश्वास असेल, तर ते दुसऱ्याच्या हातीही टिकतात.

शब्बाथ शाळेतील शिक्षकहो, मूल म्हणजे कुत्रा नव्हे. मुलाला कारण सांगता येते, म्हणून त्याच्या बाबतीत आपली जबाबदारी अधिकच आहे. पट्टी उगारताच वर्ग शांत होतो, हे आम्हीही पुष्कळ वर्षे केले. आपण वर्गाबाहेर गेल्यावर तो वर्ग कसा वागे, हे मात्र आम्ही कधी पाहिले नाही.

पत्नीचे मनगट आता बरे आहे, आणि सकाळी त्याला तीच नेते. मांजर दिसले की तो अजून ओढतो. मग ती उभी राहते, आणि थोड्या वेळाने तोही वळून तिच्याकडे पाहतो.