उजेडाची मर्यादा

दिवाळी अंकात उजेडाविषयी लिहायचे म्हणजे त्याचे गुणगान करायचे, असा आपल्याकडे रिवाज आहे. अंधार म्हणजे अज्ञान आणि उजेड म्हणजे ज्ञान, अंधार म्हणजे पाप आणि उजेड म्हणजे पुण्य, ही जोडी आपण इतक्या लहानपणी पाठ केलेली असते की, उजेडाच्या हातूनही काही अपराध घडत असतील अशी शंका मनाला शिवत नाही. आज मी ती शंका काढणार आहे. सणासुदीला हे अवलक्षण कशाला, म्हणून वाचकांनी रागावू नये. माझे निमित्त अगदी क्षुल्लक आहे. मोटारसायकलच्या पुढच्या दिव्याचा बल्ब.

हा बल्ब काढून त्या जागी अधिक प्रखर बल्ब बसवण्याची हौस आता खेडोपाडी पोचली आहे. तालुक्याच्या गावच्या कोणत्याही गॅरेजपाशी संध्याकाळी घटकाभर उभे राहा. कुणी शंभर-नव्वद वॉटचा हॅलोजन मागतो, कुणी पांढरा लखलखीत एलईडी मागतो. माझा एक जुना विद्यार्थी असाच बल्ब बसवून घेत होता. मी सहज विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सर, कंपनीचा दिवा म्हणजे काजवा हो! रात्री पाळीवरनं येताना खड्डा दिसायच्या आधी चाक खड्ड्यात असतं.”

त्याच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. आपल्याकडच्या साध्या मोटारसायकलींना वर्षानुवर्षे ३५ वॉटचा बल्ब येत असे. त्यांतल्या कितीतरी गाड्यांचा दिवा इंजिनाच्या फिरण्यावरच पेटायचा. गाडी वेगात असली की तो फुलायचा आणि गाडी मंदावली की तोही मंदावायचा. म्हणजे वाट अवघड आली म्हणून माणसाने वेग कमी करावा, आणि नेमक्या त्याच क्षणी दिव्याने साथ सोडावी! त्यात रस्ते आपले. पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर असतो आणि त्याच्या पाठीमागे लाल दिव्याचा पत्ता नसतो. पांढरा पट्टा नसलेला गतिरोधक असतो. डांबराच्या रंगाशी एकरूप झालेली म्हैस असते. मोटारीत बसणाऱ्याच्या भोवती निदान पत्रा तरी असतो; दुचाकीवरच्या माणसाभोवती त्याच्या अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नसते. अशा माणसाने ‘मला अधिक दिसले पाहिजे’ असे म्हटले, तर त्याला स्वार्थी कोण म्हणेल? आपला जीव सांभाळणे हा माणसाचा पहिला धर्म आहे. तेव्हा प्रश्न त्याने उजेड मागावा की नाही हा नाहीच. मागितलेला उजेड शेवटी जातो कुठे, हा खरा प्रश्न आहे.

यासाठी दिव्याच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे. उजेड बल्ब देतो, पण त्याला शिस्त लावतो तो मागचा आरसा, ज्याला गॅरेजात ‘रिफ्लेक्टर’ म्हणतात. बल्बातली तप्त तार आरशाच्या ठरावीक बिंदूपाशी असली, तरच किरण ठरलेल्या दिशेने जातात. १९७१ मध्ये ‘एच-फोर’ नावाचा बल्ब आला. त्यात दोन तारा असतात. एक लांबच्या झोतासाठी, एक खालच्या झोतासाठी. या खालच्या झोताच्या तारेच्या बुडाशी धातूची एक चिमुकली वाटी असते. तारेचा निम्मा उजेड ती वाटी अडवून धरते. वरवर पाहता हा शुद्ध अपव्यय! परंतु अडवलेला तो उजेड वर उसळून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत गेला असता. ज्या कारागिरांनी ही वाटी बसवली, त्यांनी उजेड कसा वाढवावा याबरोबरच तो कुठे थांबवावा याचाही विचार केला होता. त्यामुळेच चांगल्या दिव्याचा खालचा झोत भिंतीवर पाडला, तर त्याला वरच्या बाजूने स्पष्ट कड दिसते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून त्या कडेचा चढ डाव्या बाजूला असावा लागतो. उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी केलेला दिवा आपल्या गाडीला बसवला, तर तो चढ नेमका समोरच्याच्या तोंडावर जातो.

आता या आरशापुढे भलताच बल्ब आणून बसवला म्हणजे काय होते? शंभर वॉटचा हॅलोजन बारीक तारांना आणि होल्डरला तापवतो, आरशाची झिलई करपवतो, आणि समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा उजेडही वाढवतो. तारेच्या बल्बासाठी घडवलेल्या आरशात एलईडी खुपसला, तर बहुधा उजेडाचा उगम जागचा हलतो आणि शिस्त मोडून किरण चौफेर उधळतात. बसवणाऱ्याला वाटते, काय लख्ख पडला! चाकापुढचा रस्ता, कडेची झाडे, वरच्या विजेच्या तारा, सारे उजळते. पण झाडाचे शेंडे पाहून गाडी हाकायची नसते. उलट, अगदी जवळचा रस्ता जितका चकाकतो, तितके पलीकडच्या अंधारातले कमी दिसते. शिवाय अंतर वाढले की उजेड अंतराच्या वर्गाने विरळ होत जातो. म्हणून बल्बाचा उजेड दुप्पट केला, तरी दृष्टी दुप्पट लांब पोचत नाही. फार तर दीडपटीच्या आत राहते. आपल्या पदरात पडतो तो असा थोडका लाभ. समोरच्याच्या वाट्याला मात्र दुपटीचा दाह पुरता येतो.

आणि त्या दाहाने काय होते? अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. तो सराव एका प्रखर झोताने क्षणात विस्कटतो आणि पुन्हा नीट दिसू लागायला काही सेकंद जातात, उतारवयात अधिकच. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर तोडते. पाच सेकंद दिसेनासे झाले, तर तो माणूस ८० मीटरांहून अधिक वाट आंधळेपणाने चालतो.

आमच्या भागातल्या एका दूधवाल्याची हकीकत सांगतो. वय साठीच्या पुढचे. पहाटे सायकलला दोन्हीकडे किटल्या अडकवून तो डेअरीवर जायचा. एके दिवशी हात गळ्यात बांधलेला दिसला, तेव्हा मी विचारले, “काय झालं? कुणाची गाडी लागली?” तो म्हणाला, “कुनी न्हाई धडकलं मास्तर. उजेडानंच पाडलं.” समोरून एक मोटारसायकल आली, डोळ्यांपुढे पांढरेफेक झाले, चाक डांबराच्या कडेवरून खाली गेले आणि तो किटल्यांसकट चरात पडला. मोटारसायकलवाला थांबला नाही. त्याने थांबावे तरी कशाला? त्याचा धक्का लागला नव्हता. कदाचित म्हातारा पडल्याचे त्याने पाहिलेही नसेल. तो घरी जाऊन म्हणाला असेल, नवा बल्ब झकास आहे, आज रस्ता कसा आरशासारखा दिसला!

माझ्या मनात घोळत राहिली आहे ती ही गोष्ट. चोराला आपण चोरी केल्याचे ठाऊक असते. भांडणात हात उचलणाऱ्याला आपला हात दिसतो. पण हा अपराध असा की करणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, सोसणाऱ्याला अपराध्याचा चेहरा दिसत नाही, आणि तिसरा साक्षीदार नसतो. शिवाय तो वाईट हेतूतून जन्मत नाही. ‘मला नीट दिसावे’ या निरागस इच्छेतूनच जन्मतो. आपण मुलांना सांगतो की, हेतू चांगला ठेवा म्हणजे कृती चांगली होईल. या चरातल्या म्हाताऱ्याला पाहिल्यावर ते पुरेसे वाटत नाही. चांगल्या हेतूलाही ती लहानशी वाटी लागते.

यावर माझ्या विद्यार्थ्याचे उत्तर तयार होते. “सर, सगळेच लावतात. ट्रकवाले, मोटारवाले अप्पर मारत येतात. मी एकट्यानेच का मरायचं?” हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बाकीचे जग जोरात ओरडत असताना एकट्याने हळू बोलावे आणि बुडावे, असा उपदेश सुरक्षित खुर्चीत बसून करणे सोपे असते. म्हणून मी त्याला आधी व्यवहारच सांगितला. दोघेही साठच्या वेगाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातले अंतर सेकंदाला ३३ मीटरांनी आटते. त्याने डिपर दिला नाही, म्हणून मीही अप्पर खाली करत नाही. बरोबरी झाली! पण ज्याला मी आंधळा केला, तो कुठे निघून गेलेला नाही; तो माझ्याच दिशेने येतो आहे. या सूडात शहाणपणही नाही.

परंतु व्यवहाराची वाट इथे संपते, कारण सायकलवरचा म्हातारा माझे काय वाकडे करणार? तो चरात पडला, तर माझा रस्ता उलट मोकळाच होतो. ट्रकपुढे दिवा खाली करायला माझी भीती पुरते. सायकलपुढे तो खाली करायला भीती उपयोगी पडत नाही. तिथे नीतीच लागते. ज्याच्यापासून आपल्याला काडीचा धोका नाही, अशा माणसाच्या डोळ्यांचा विचार आपण किती करतो, यावरच आपली परीक्षा आहे.

मग दुचाकीवाल्याने काजव्यावरच समाधान मानावे काय? मुळीच नाही. उजेड विकत घेण्याआधी, असलेला उजेड कुठे गळतो ते पाहावे. जुन्या तारांतून आणि गंजलेल्या जोडांतून बल्बापर्यंत पोचणारा दाब दहा टक्क्यांनी घटला, तर हॅलोजनचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. चांगला मेस्त्री नीट तारा ओढून, गरज असेल तिथे रिले बसवून, हा गळालेला उजेड परत मिळवून देतो. काच पुसावी. गाडी भिंतीसमोर उभी करून झोताची उंची जुळवून घ्यावी. ज्या दिव्याची रचना ६०/५५ वॉटच्या बल्बासाठीच आहे, त्यात तो खुशाल वापरावा. आणि एवढे करून समजा चाळीस मीटरच दिसत असेल, तर चाळीस मीटरांत गाडी थांबेल एवढाच वेग ठेवावा. बल्ब बदलण्यापेक्षा हे अवघड आहे, हे मला मान्य आहे. घरी जायची घाई ही दुकानात बदलून मिळणारी वस्तू नव्हे.

दिवा केवळ पाहण्यासाठी नसतो, दिसण्यासाठीही असतो. म्हणूनच एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत आपोआप पेटलेला राहतो. आणि १९८९ च्या मोटार वाहन नियमांत अशी अट आहे की, दिव्याचा झोत खाली वळवलेला असावा, इतका की दिव्यापासून ८ मीटरांवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याचे डोळे दिपू नयेत. मला हा रुक्ष नियम फार आवडतो. चालकाला कितीही दिसो. इथे माप घ्यायचे आहे ते समोरच्या, अनोळखी माणसाच्या डोळ्यांपासून.

तेव्हा या दिवाळीत ज्या कुणाला गाडीला नवा बल्ब बसवायचा असेल, त्याने तो जरूर बसवावा. मात्र बसवून झाल्यावर लगेच गाडीवर बसून रस्त्याकडे पाहू नये. दिवा खालच्या झोतावर ठेवावा, आठ-दहा पावले पुढे चालत जावे, मागे वळावे, आणि सायकलवरचा माणूस जिथे असेल तिथे उभे राहून, आपल्याच दिव्याकडे एकदा पाहावे.